कागद सफाईने, बोटं सांभाळून: कटर पहिल्यांदा हातात धरणाऱ्यांसाठी

कटरने बोट कापतं ते बऱ्याचदा ब्लेड बोथट झाल्यामुळे. बोथट ब्लेड कागदात शिरत नाही, म्हणून आपण दाबतो. दाबलं की पट्टी सरकते, नाहीतर ब्लेड रेघ सोडून निसटतं आणि जोर जिकडे होता तिकडे जातं. त्याच दाबाने कागदाची कडही केसाळ, फाटकी निघते. त्यामुळे या कामात एकच खूण लक्षात ठेवायची: हाताला जोर लागायला लागला की थांबायचं. ब्लेड तरी गेलंय, नाहीतर एका फटक्यात जास्त कापायची घाई चाललीय.

कोल्हापुरात कटर बाहेर निघतो तो गणपतीच्या आणि दिवाळीच्या तोंडावर. २०१८ मध्ये राज्यात थर्माकोलवर बंदी आली आणि मखरांचं काम पुठ्ठ्या-कागदावर आलं. कंदील तर आधीपासूनच कागदाचा. थर्माकोल कसाही कापला तरी चालायचा, रंगाखाली सगळं झाकून जायचं. कागद मात्र प्रत्येक चूक दाखवतो, त्यात कंदिलात दिवा लावला की जास्तच. म्हणून इथे सरावासाठी कंदिलाचंच उदाहरण घेतलं आहे: सहा बाजूंचा कंदील, प्रत्येक बाजू १२ × २४ सें.मी., मधे चौकोनी खिडक्यांची जाळी. हे जमलं की मखर, फोटोचा माउंट, शाळेचा प्रकल्प, सगळं त्याच हाताने होतं.

कटर कोणता घ्यायचा

बाजारात मुख्यतः तीन प्रकार दिसतात. पहिला ९ मि.मी. रुंद ब्लेडचा सरकता कटर. दुसरा १८ मि.मी.चा, जाडजूड. तिसरा पेनासारखा, पुढे टोकदार छोटं ब्लेड बसवायचा. नवख्या माणसाने पहिला घ्यावा. १८ चा कटर पुठ्ठा, कार्टन आणि माउंट बोर्डासाठी ठीक आहे, पण त्याने जाळी कापायला बसलात तर टोक कुठे आहे तेच दिसत नाही. पेन कटर वळणांसाठी उत्तम, मात्र त्याचं ब्लेड बदलणं हे नवख्याला सगळ्यात धोक्याचं काम आहे. तो महिनाभराने घेतला तरी काही अडत नाही.

तुकडे मोडत नवी धार काढायची ही कल्पना जपानमधल्या ओसाकातली, १९५६ ची. कागद कापणाऱ्या कामगारांना ब्लेड सारखं बदलावं लागायचं, त्यावर हा तोडगा निघाला. आजही ब्लेडवर तिरक्या रेघा दिसतात त्या मोडण्यासाठीच. चांगल्या ९ मि.मी. ब्लेडची लांबी ८० मि.मी. आणि जाडी साधारण ०.३८ मि.मी. असते, आणि त्यात तेरा टोकं मिळतात. तेरा टोकं मिळतात तरी लोक पहिल्यावरच महिना काढतात, आणि मग कटर चांगला नाही म्हणतात.

महाद्वार रोडला किंवा राजारामपुरीत स्टेशनरीच्या दुकानात कटर हातात घेऊन तीन गोष्टी बघा. ब्लेड दोन टप्पे बाहेर काढा आणि टोक टेबलावर अलगद टेकवून डावीकडे-उजवीकडे हलवा. खुळखुळलं तर घेऊ नका, रेघेवर ते कधीच राहणार नाही. मग ब्लेड लॉक करून टोक टेबलावर हलकेच दाबा. मागे सरकलं तर तेही नको. तिसरं म्हणजे त्या मापाची सुटी ब्लेडं त्याच दुकानात मिळतात का ते विचारा. शाळेजवळ मिळणारा पातळ प्लास्टिकचा कटर पाकीट फोडण्यापुरता बरा.

डावखुऱ्यांसाठी एक गोष्ट: बऱ्याच कटरमध्ये ब्लेड काढून उलटं बसवता येतं, मग सरकवायचा खटका आपल्या अंगठ्याकडे येतो. दुकानातच विचारून घ्या.

पट्टी आणि खालची फळी

प्लास्टिकच्या पट्टीने कापू नका. ब्लेड पट्टीच्या कडेत शिरतं, कड कातरली जाते आणि पुढच्या वेळी त्याच खाचेवरून चढून थेट बोटावर येतं. स्टीलची ३० सें.मी.ची पट्टी हवी. तिची खालची बाजू गुळगुळीत असते, म्हणून दोन टोकांना आणि मधे मास्किंग टेपचे किंवा दवाखान्यातल्या कागदी चिकटपट्टीचे तुकडे लावा. जुन्या सायकल ट्यूबच्या पातळ पट्ट्या चिकटवल्या तर आणखी छान, पण त्या कडेपासून अर्धा सेंटिमीटर आत ठेवा.

लांब कापांसाठी कोल्हापूरकरांना एक सोय आहे. उद्यमनगरातल्या एखाद्या वर्कशॉपमधून २५ × ५ मि.मी.ची एमएस फ्लॅट, म्हणजे साध्या पोलादाची सपाट पट्टी, ६० सें.मी. लांब कापून घ्या आणि एक कड सरळ घासून घ्या. वजन साधारण सहाशे ग्रॅम भरतं, त्यामुळे ती स्वतःच जागेवर बसते. पाच मि.मी. जाडीमुळे ब्लेड वर चढून बोटापर्यंत येणं अवघड होतं. गंजू नये म्हणून तेलाचा हात फिरवा आणि वापरण्याआधी कोरड्या फडक्याने नीट पुसा, नाहीतर पिवळ्या कार्डशीटवर काळी रेघ उमटेल.

कागदाखाली कटिंग मॅट असावी. हिरवी, चौकटी आखलेली, ए३ आकाराची पुरते. ब्लेडचं टोक तिच्यात किंचित रुततं आणि काप नंतर मिटतो. तिच्यावर चहाचा गरम कप ठेवू नका, गच्चीत किंवा गाडीत उन्हात टाकू नका. एकदा वाकली की सरळ होत नाही.

मॅट नसेल तर लोक काय काय वापरतात ते बघू. जाड पुठ्ठा चालतो, पण जुन्या खाचा नव्या ब्लेडला आपल्याकडे ओढतात, म्हणून तो वरचेवर बदला. वर्तमानपत्रांची गठ्ठी फार मऊ, वरचा कागद खाली दबून फाटतो. काचेवर किंवा फरशीवर काप स्वच्छ येतो, पण ब्लेडचं टोक काही मिनिटांत जातं आणि मग ते घसरू लागतं. जुना फ्लेक्स घडी करून घ्यायची कल्पनाही बऱ्याच जणांना सुचते, कारण आपल्याकडे फ्लेक्सला तोटा नाही. पण तो ताणला जातो, सरकतो आणि त्यावर कागदही सरकतो. फ्लेक्स चौकातच राहू द्या.

कागद: जीएसएम, ग्रेन आणि पावसाळा

झेरॉक्सचा कागद ७० ते ८० जीएसएमचा, म्हणजे एका चौरस मीटरचं वजन तेवढे ग्रॅम. ८० जीएसएमचं ए४ पान पाच ग्रॅम भरतं. कंदिलाच्या बाजूंसाठी २५० जीएसएमच्या आसपासची कार्डशीट घ्या. त्याहून पातळ घेतली तर जाळीच्या पट्ट्या वाऱ्याने मुरडतात. ३०० च्या वर गेलात तर नवख्याचा हात दुखतो आणि दुखरा हात दाबायला लागतो. जाळीमागे लावायला घोटीव कागद किंवा जिलेटीन.

कागदाचे तंतू एका दिशेला जास्त पसरलेले असतात. छपाईवाले त्याला ग्रेन म्हणतात. ताव दोन्ही बाजूंनी हलकेच वाकवून बघा, ज्या दिशेला तो सहज गोल वळतो त्या वळणाच्या पन्हळीला समांतर ग्रेन असतो. ग्रेनच्या दिशेने काप सुळकन जातो, आडवा काप थोडा जास्त धरतो. घडीचं गणित त्याहून महत्त्वाचं: ग्रेनला समांतर घडी स्वच्छ पडते, आडवी घडी पाठीवर तडकते. आपल्या कंदिलाच्या घड्या उभ्या आहेत, म्हणून प्रत्येक बाजूच्या २४ सें.मी. लांबीला ग्रेन समांतर हवा.

हिशेब असा. कार्डशीटचा पूर्ण ताव २२ × २८ इंच, म्हणजे सुमारे ५६ × ७१ सें.मी. चिकटवायला एका उभ्या कडेला १ सें.मी. पट्टी सोडायची, म्हणून एक तुकडा १३ × २४ सें.मी. ग्रेन तावाच्या आखूड बाजूला समांतर असेल तर ५६ मध्ये दोन आणि ७१ मध्ये पाच, असे दहा तुकडे निघतात. ग्रेन लांब बाजूला असेल तर ७१ मध्ये २४ चे दोनच बसतात, तिसरा एका सेंटिमीटरने हुकतो, आणि ५६ मध्ये १३ चे चार, असे आठ. सहा लागणार, म्हणजे कसंही आलं तरी दोन तरी बिघडवायला शिल्लक राहतात. पहिल्या कंदिलाला ते लागतातच.

आणि पाऊस. जूनपासून गणपतीपर्यंत आपल्याकडची हवा ओलसर असते, आणि कागद ती ओल पितो. ओला कागद मऊ पडतो, ब्लेडपुढे तंतू तुटण्याऐवजी ओढले जातात आणि कड लोकरीसारखी निघते. ब्लेड नवं असूनही असं होत असेल तर दोष कागदाचा आहे. मखराचं काम असेल तर कार्डशीट गुंडाळून ठेवू नका. दोन प्लायच्या मधे आडवी, गादीखाली किंवा कपाटात ठेवा आणि कापायच्या आदल्या रात्री खोलीत पंख्याखाली मोकळी पसरा. दिवाळीपर्यंत हवा कोरडी होते, पण पावसाळ्यात दुकानात उभा ठेवलेला ताव तोवर वाकलेला असतो. घेताना सपाट बघून घ्या. ब्लेडांनाही हीच हवा गंज देते, त्यांच्या डबीत शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब टाका आणि कापण्याआधी ब्लेड पुसा.

बसायचं कसं, धरायचं कसं

खरं तर बसायचंच नाही. लांब काप उभं राहून, कमरेएवढ्या उंचीच्या टेबलावर. खांद्यातून हात मागे येतो, मनगट वळत नाही आणि काप सरळ राहतो. जाळीसारखं बारीक काम बसून करा, पण मांडी घालून मांडीवर फळी घेऊन कधीही नाही. त्या बैठकीत निसटलेल्या ब्लेडच्या वाटेत थेट आपली मांडी असते. उजव्या हाताने कापणाऱ्याला उजेड डावीकडून हवा, नाहीतर हाताची सावली बरोबर रेघेवर पडते.

ब्लेड एक टप्पा बाहेर काढा, जाड कागदाला फार तर दोन. जास्त काढलं की ते लवचिक होतं, वळतं आणि मधेच तुटून उडतं. खटका लॉक करा. कटर पेन्सिलीसारखा धरा, तर्जनी ब्लेडच्या पाठीच्या बाजूला, धारेच्या उलट. लांब सरळ कापाला कटर आडवा झुकवा, कागदाशी तीस ते पंचेचाळीस अंश, म्हणजे धारेचा जास्त भाग कागदात चालतो आणि काप शांत येतो. कोपऱ्याशी पोचताना कटर थोडा उभा करा, म्हणजे टोक नेमकं कुठे आहे ते दिसतं. पुढे-मागे कसाही झुकवला तरी डावी-उजवीकडे मात्र कलता कामा नये. ब्लेड कललं की कड उतरती निघते, आणि दोन तुकडे जोडताना माप एक मि.मी.ने चुकतं. नवखे लोक हे सगळ्यात उशिरा ओळखतात, कारण वरून बघितलं तर काप सरळच दिसतो.

दुसरा हात पट्टीवर. बोटं पसरून ठेवा आणि एकही बोट पट्टीच्या कापायच्या कडेपासून दोन सेंटिमीटरच्या आत नको. अंगठा विसरतो, तो हमखास कडेबाहेर लोंबत असतो. लांब काप असेल तर मधे थांबायचं, ब्लेड कागदातच ठेवायचं, पट्टीवरचा हात खाली सरकवायचा आणि मग पुढे. ब्लेड उचलून परत टेकवलं की तिथे दुहेरी रेघ येते.

पट्टी नेहमी ठेवायच्या भागावर, ब्लेड टाकाऊ भागाकडे. निसटलंच तर टाकाऊ भाग कापला जातो, आपली जाळी नाही. काप आपल्याकडे ओढायचा, पण सरळ पोटाकडे नाही, किंचित बाजूला, शरीराच्या रेषेबाहेर. वळायचं असेल तर हात वळवू नका, कागद फिरवा. या एका सवयीने निम्म्या चुका जातात, आणि इथेच सगळ्यात जास्त आळस होतो, कारण कागद फिरवायला पट्टी उचलावी लागते.

जाळी कापायची

आखणी कार्डशीटच्या मागच्या बाजूला करा आणि मागूनच कापा, म्हणजे पुढून पेन्सिलीची रेघ दिसत नाही. डिझाइन उजवं-डावं असेल तर ते आरशातल्यासारखं उलटं आखावं लागेल, आपल्या चौकोनांना तो प्रश्न नाही. पेन्सिल २एच, हलक्या हाताने. दोन्ही बाजूंना दीड-दीड सेंटिमीटर आणि वर-खाली २.५५ सें.मी. सोडा. उरलेल्या ९ × १८.९ सें.मी.त २.४ सें.मी.च्या चौकोनी खिडक्या, आडव्या तीन, उभ्या सहा, मधल्या पट्ट्या ९ मि.मी.च्या. म्हणजे एका बाजूला १८ खिडक्या, ७२ काप. पुढे हात बसला की वरच्या ओळीच्या खिडक्यांना नव्या राजवाड्याच्या खिडक्यांसारखी कमान द्या, आत्ता नको. पट्ट्या चार मि.मी.हून बारीक करायच्या मागेही आत्ता लागू नका.

आता काप:

१. नवं टोक घ्या. वापरलेल्या टोकाने जाळीला सुरुवात करू नका.

२. आधी सगळ्या खिडक्यांच्या सगळ्या उभ्या कडा. ब्लेडचं टोक बरोबर कोपऱ्यात उभं टोचा, मग झुकवून ओढा. पहिला हात, म्हणजे ब्लेडची पहिली फेरी, फक्त रेघ पकडण्यासाठी, अगदी हलक्या दाबाची. कागद कापला गेला नाही तरी चालेल.

३. पट्टी न हलवता दुसरा हात. २५० जीएसएमला दोन हातांत काप आरपार जातो. गेला नाही तर तिसरा हात फिरवा, दाब वाढवू नका.

४. काप कोपऱ्याच्या जरा आधी थांबवा. मग कागद पालथा न करता अर्धा वळसा फिरवून समोरच्या कोपऱ्यात टोक टोचा आणि तिथून मधे येऊन काप जुळवा. दोन्ही कोपरे टोचून सुरू झाले की एकही काप कोपऱ्याबाहेर पळत नाही.

५. उभ्या कडा संपल्यावर कागद नव्वद अंशांत फिरवा आणि आडव्या कडा तशाच.

६. चौकोन आपोआप निघायला हवा. एखादा कोपरा धरून बसला तर नखाने ओढू नका, तंतू फाटून पुढून पांढरी शेपटी दिसते. ब्लेडचं टोक परत त्याच कोपऱ्यात टोचा.

७. उभ्या कडा असोत की आडव्या, मधल्या खिडक्यांच्या आधी, कडेच्या खिडक्यांच्या नंतर, आणि बाजूची बाहेरची चौकट अगदी शेवटी. बाहेरून आधी कापलं तर आत पोचेपर्यंत तुकडा लुळा पडतो आणि पट्टीखाली थरथरतो.

एका बाजूचे काप दोन्ही फेऱ्या मिळून जवळपास साडेतीन मीटर भरतात. तेवढ्यात टोकाची धार जाते, म्हणून एका बाजूला एक टोक हा हिशेब ठेवा. सहा बाजूंना सहा टोकं, म्हणजे एका ब्लेडमध्ये दोन कंदील. कान देऊन ऐकलंत तर धार गेलेली आधीच कळते: चांगलं ब्लेड बारीक ‘सर्र’ असा एकसारखा आवाज करतं, गेलेलं अडखळत ‘खर्र-खर्र’ करतं.

मधली पट्टी चुकून तुटलीच तर बाजू टाकून देऊ नका. त्याच कार्डशीटची सहा मि.मी. रुंद पट्टी मागून चिकटवा, दोन्हीकडे दीड सेंटिमीटर पकड ठेवून, आणि वाळेपर्यंत वर पुस्तक ठेवा. मागे घोटीव कागद आला की पुढून कळतही नाही. कळलं तरी घरच्यांनाच.

घडीच्या रेघा कटरने पाडू नका. नवख्याचा हात हमखास आरपार जातो. संपलेलं बॉलपेन पट्टीला लावून जोराने ओढा, तेवढी खाच पुरते. कापांच्या कडांना पुढच्या बाजूने किंचित उठाव आलेला असतो, त्यावर कागद ठेवून चमच्याच्या पाठीने घासा, बसून जातो.

घोटीव कागद पातळ, ब्लेडपुढे चुरगळतो. दोन झेरॉक्स कागदांच्या मधे घाला, तिन्ही मिळून कटर अगदी आडवा ठेवून कापा. जाळीच्या मागच्या मापापेक्षा प्रत्येक बाजूने पाच मि.मी. जास्त ठेवा, तेवढी चिकटवायला हवी. जिलेटीन हाताला आणि मॅटला चिकटतं, त्याच्या चारी कोपऱ्यांना मास्किंग टेप लावून घ्या. कंदिलात एलईडी दिवाच लावा. जुना तारेचा बल्ब इतका तापतो की कागद आधी पिवळा पडतो आणि मग जळू शकतो.

जाळीत बारीक गोल भोकं हवी असतील तर कटरने गोल कापण्याच्या मागे लागू नका. कोल्हापुरी चपलेचे कारागीर चामड्याला भोकं पाडायला जो पंच वापरतात तो ३ किंवा ४ मि.मी.चा घ्या, खाली लाकडाचा ठोकळा ठेवा आणि लाकडी मोगरीने एक ठोका द्या. मॅटवर पंच मारलात तर मॅटला कायमचं भोक पडेल. त्याच कारागिरांची रापी मात्र कागदाला लावू नका, ती चामडं तासायची, जाड धारेची वस्तू आहे.

टोक मोडायचं कसं

इथे नवख्यांकडून सगळ्यात जास्त गडबड होते, कारण लोक बोटांनी मोडतात. ब्लेड एक टप्पा बाहेर काढून लॉक करा. ज्या बाजूला तिरक्या रेघा आहेत ती बाजू वर ठेवा. पकडीने फक्त तो टोकाचा तुकडा धरा आणि खाली वाकवा, रेघेवर कट्कन मोडतो. काही कटरच्या मागच्या टोपणात खाच असते, तिनेही मोडता येतो. तोंड जवळ नको, चष्मा असला तर घाला आणि हे डब्याच्या तोंडाशी धरून करा. रेघांची बाजू खाली ठेवून वाकवलं तर ब्लेड रेघेवर न तुटता कुठेही तुटतं आणि तुकडा उडतो.

मोडलेले तुकडे औषधाच्या जाड प्लास्टिकच्या बाटलीत किंवा झाकणाच्या पत्र्याच्या डबीत टाका. भरली की झाकण चिकटपट्टीने बंद करा, वर ठळक अक्षरांत ‘धारदार ब्लेड’ लिहा आणि घंटागाडीवाल्याच्या हातात सांगून द्या. ओल्या-सुक्या कचऱ्यात सुटे टाकले तर तो कचरा हाताने वेगळा करणाऱ्या माणसाचा हात कापतो.

पेन कटर आणलात तर ब्लेड बदलताना पुढची आट्यांची कडी सैल करा, ब्लेड पकडीने धरून काढा आणि नवंही पकडीनेच घाला. तो टेबलावरून गडगडतो, म्हणून मागे चिकटपट्टीचा छोटा झेंडा लावा. आणि कुठलाही कटर पडू लागला तर पकडायला हात घालू नका. पाय मागे घ्या, पडू द्या. गेलं तर एक टोक जाईल.

कामात मधे उठायचं झालं, फोन आला, दारावर कुणी आलं, तरी ब्लेड आत घ्यायचं. कागदाच्या ढिगाखाली उघडं ब्लेड राहिलं आणि हात घातला, असं फार सहज होतं. लहान मुलांना कटर देऊ नका. त्यांना घोटीव कागद चिकटवायचं काम द्या, त्यातही मजा कमी नाही. मोठ्या मुलांना द्यायचा तर आधी सरळ रेघा, शेजारी उभं राहून.

बोट कापलंच तर

वाहत्या पाण्याखाली धुवा, स्वच्छ फडकं ठेवून दहा मिनिटं सलग दाबून धरा आणि हात छातीच्या वर ठेवा. मधेमधे उघडून बघू नका, त्याने रक्त परत सुरू होतं. हळद भरू नका, डॉक्टरांना जखम नीट दिसत नाही. दहा-पंधरा मिनिटं दाबूनही रक्त थांबत नसेल, जखमेची तोंडं उघडी राहत असतील, बोट नीट वाकत नसेल किंवा टोकाला बधिर वाटत असेल तर लगेच सीपीआरला, म्हणजे कोल्हापुरातल्या सरकारी रुग्णालयात, किंवा जवळच्या दवाखान्यात जा. बोट न वाकणं म्हणजे आतली स्नायूची दोरी आणि बधिरपणा म्हणजे मज्जातंतू कापला गेल्याची शक्यता असते, त्यात उशीर परवडत नाही. धनुर्वाताचं इंजेक्शन शेवटचं कधी घेतलं ते आठवत नसेल तर तेही तिथे सांगा.

आवरताना

मोडलेला एखादा तुकडा डबीत न पडता जमिनीवर गेलेला असू शकतो, आणि घरात सगळे अनवाणी फिरतात. केराने तो सापडेलच असं नाही, रंगीत कागदाच्या कपट्यांत लपतो. जुन्या स्पीकरचा चुंबक प्लास्टिकच्या पिशवीत घाला आणि टेबलाखाली, खुर्चीखाली, मॅटच्या कडेने जमिनीवरून फिरवा. मग पिशवी उलटी करून जे काही चिकटलं असेल ते डबीत झाडा आणि त्यानंतरच झाडू मारा.